तुटक रेघ

माझी फी तीन हप्त्यांत असते.
पहिला घेऊन मी गेलो अक्कलकोट रोडला,
एप्रिल, दुपारचे बारा, पत्र्याखाली बावीस माग
आणि काचेच्या केबिनमध्ये गाजुल कुटुंब:
शंकरलिंगम, वय एकोणऐंशी,
सहीचा हक्क अजून एकट्यांचा;
थोरले श्रीहरी, ज्यांनी टॉवेल जर्मनीला पाठवले
आणि त्यासाठी स्वतःचं घर बँकेला लिहून दिलं;
धाकटे रविकिरण, पुण्याहून आलेले,
संध्याकाळी पुण्याला जाणारे.
ताक आलं. मीठ जास्त होतं.

मी तक्ता उलगडला.
चौकोन, बाण, पहिलं वर्ष, तिसरं वर्ष,
वर एक मऊ शब्द: मार्गदर्शक अध्यक्ष.
म्हाताऱ्या माणसाला खुर्चीतून उठवताना
खाली सरकवायची ही गादी मीच शिवलेली,
आजवर नऊ घरांत चालली.

शंकरलिंगम बिनचष्म्याचे बघत राहिले.
"सायेब, बीम संपलं की
जुनं सूत उपटून टाकत नाहीत ओ.
शेपूट ठेवतात. नव्याचं एकेक टोक
जुन्याच्या एकेका टोकाला सांधतात.
चोवीसशे गाठी. रात्र जाते बगा.
तुमच्या बाणाला गाठ कुठं हाय?"

"अण्णा, गाठी आता मशीन मारतं,"
श्रीहरी म्हणाले, "अर्ध्या तासात."
तेही खरंच होतं.

मग अकरा नंबरचा माग चुकला.
चुकला म्हणजे थांबला नाही,
एक ठोका जरासा उशिरा पडू लागला,
अंधारात जिना उतरताना
शेवटची पायरी खोल निघावी तसा.
माझे वडील गिरणीत जॉबर होते.
गिरणी बंद पडली तेव्हा त्यांच्याकडे
मला द्यायला दोनच गोष्टी होत्या,
एक पाना आणि हा कान.
पाना भंगारात गेला.

म्हाताऱ्यांची बोटं टेबलावर थबकली.
आम्ही एकमेकांकडे पाहिलं,
एकाच शाळेतून पळालेल्या पोरांसारखं.
मुलं व्याजदरावर बोलत होती.

दाराजवळच्या स्टुलावरून अंजय्या उठला.
मेलेल्या भावाचा मुलगा, पन्नाशीचा,
कुणाला न विचारता आत गेला.
थोड्या वेळानं ठोका जागेवर आला
आणि तो परतला, हात फडक्याला पुसत.

"ह्यो कुठं हाय कागदात?"
मी बोट ठेवलं.
सगळ्यात खाली, उजवीकडे, तुटक रेघेनं जोडलेला.
आमच्या धंद्यात तुटक रेघेचा अर्थ असतो:
विचारलं तर सांगता यावं, की विसरलो नव्हतो.

रात्री मी तक्ता बदलला. रेघ सलग केली,
चौकोन वर नेला, केबिनसुद्धा दाखवली.
अंजय्यानं तो उभ्यानंच वाचला.
"केबिन नको. तिथं ऐकू येत नाही.
माझा हिस्सा तेवढा लिहून द्या,
काका तोंडानं वीस वर्षं देतायत."
तेव्हा श्रीहरी खाली बघत होते
आणि शंकरलिंगम, पहिल्यांदाच, चष्मा शोधत होते.

तारीख चार वेळा पुढं गेली.
गड्ड्याची जत्रा झाल्यावर. मोतीबिंदू झाल्यावर.
एकदा तर वकिलांचं पेन आवडलं नाही म्हणून.
शेवटी नारळी पौर्णिमेला
मार्कंडेयाचा रथ निघाला, माग बंद राहिले,
आणि दुसऱ्या दिवशी, नव्या जानव्यानिशी,
त्यांनी पाच पानांवर पाच सह्या केल्या.
हिस्स्याच्या पानावर थोडा वेळ घेतला.

आता ते दाराजवळच्या स्टुलावर बसतात.
अंजय्या उभा असतो, तसाही तो उभाच असायचा.
कोण मालक, असं कामगारांना विचारलं
तर ते आधी स्टुलाकडे बघतात, मग केबिनकडे.
ह्याला माझ्या तक्त्यात रकाना नाही.

तिसरा हप्ता चेकनं आला.
श्रीहरींची सही, स्वच्छ, तिरकी,
आणि खाली जुन्या सवयीनं सुरू झालेला
एक थरथरता 'शं', मग खोडलेला.
बँकेनं चेक परत पाठवला.
दुसरा मी अजून मागितलेला नाही.